जुन्या गाड्यांचा धंदा आणि शब्दाची पत

"तुम्ही समाजकार्य करणारी माणसे, आणि जुन्या गाड्या विकता?" हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता त्याचा राग येत नाही. विचारणाऱ्याच्या मनात काय असते तेही आम्हाला ठाऊक आहे. जुन्या गाड्यांचा दलाल म्हणजे गोडबोल्या, मीटर मागे फिरवणारा, ठोकलेल्या गाडीला रंग फासून ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधणारा, असे चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे असते. हे चित्र अगदीच खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच या धंद्याविषयी चार शब्द आपल्या कुटुंबांपुढे ठेवावेत असे वाटले. आज ना उद्या आपल्यापैकी अनेकांच्या दारात जुनी गाडी येणार आहे, किंवा दारातून जाणार आहे. आणि आपल्यापैकी एखाद्याचा मुलगा हा धंदाही करू पाहील.

प्रथम थोडी ओळख. आम्ही नालासोपाऱ्यात राहतो. बी.कॉम. झाल्यावर अंधेरीच्या एका खासगी कचेरीत हिशेबाचे कारकून म्हणून लागलो, ते आजतागायत तेथेच आहोत. आमचे मेहुणे मेकॅनिक. वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्यांनी गॅरेजात हात काळे केलेले. २०१६ साली आम्ही दोघांनी मिळून वसई पूर्वेला, महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक मोकळी जागा भाड्याने घेतली. पत्र्याची शेड, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एका वेळी पाच गाड्या उभ्या राहतील एवढे आवार, एवढाच आमचा पसारा. दिवसभर मेहुणे तेथे असतात. आम्ही संध्याकाळच्या लोकलने उतरून हिशेब बघतो आणि रविवार पूर्ण तेथेच काढतो. आमच्या पत्नी फोन घेतात आणि कागदांच्या फायली सांभाळतात. तेव्हा या लेखात 'आम्ही' म्हटले की तिघेही त्यात आले असे वाचकांनी समजावे.

वसई-विरारमध्ये जुन्या गाडीला गिऱ्हाईक कोण, असे कोणी विचारील. मोठ्या लोकांना नवी गाडी परवडते, गरिबाला लोकल आहे, मग मधे उरले कोण? तर मधे उरलेले लोकच फार आहेत. फुलांच्या टोपल्या पहाटे दादरला पोहोचवणारा बागाईतदार आहे. शाळेच्या मुलांची ने-आण करण्यासाठी व्हॅन घेणारा आहे. आठवड्यातून दोनदा वडिलांना डायलिसिसला नेणारी मुलगी आहे. शेवटची विरार लोकल सुटल्यावर रात्रपाळीहून घरी येणारा आहे. वसई, नालासोपारा आणि विरार ही नावे मुंबईत गर्दीच्या डब्याची म्हणून ओळखली जातात. त्या डब्यात आजाऱ्याला, बाळंतिणीला किंवा म्हाताऱ्या आईला चढवता येत नाही. अशा घरांना गाडी मिरवायला नको असते, त्यांची ती नडीची वस्तू असते. आणि नड असलेला माणूस घाईत असतो. फसवणाऱ्याला असाच माणूस हवा असतो.

भांडवल कोठून आणले हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या तरुणांचे पाऊल तेथेच अडते. २०१५ साली मुद्रा योजना सुरू झाली होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये स्टँड अप इंडिया ही योजना आली, तिच्यात अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांना १० लाखांपासून १ कोटीपर्यंत कर्जाची तरतूद होती, आणि व्यापारही त्यात बसत होता. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ तर १९७८ पासूनचे. आम्ही एका बँकेत गेलो. साहेबांनी चहा पाजला, आणि जुन्या गाड्यांचा धंदा म्हणजे 'रिस्की लाइन' असे सांगून तारण मागितले. तारण ठेवण्यासारखे आमच्याकडे राहते घर तेवढेच, आणि ते आधीच कर्जाखाली. शेवटी पत्नीची भिशी, मेहुण्यांनी गॅरेजात साठवलेले पैसे आणि आमची मुदत ठेव एवढ्यावर दोन गाड्या घेऊन सुरुवात केली.

जागेचाही अनुभव असाच. पहिली जागा बघायला गेलो तेव्हा मालकाने भाडे सांगितले, अनामत सांगितली, आणि मग सहज विचारावे तसे आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की जागा दुसऱ्याला दिली. ती जागा पुढे पाच महिने रिकामीच होती, कारण आम्ही रोज तिच्यावरूनच जात होतो. हे रडगाणे म्हणून सांगत नाही. धंद्यात विश्वास कसा मोजला जातो हे समजण्यासाठी त्याचा उपयोग आहे, तो पुढे येईल.

जुन्या गाडीच्या बाजाराविषयी अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध लेख आहे. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने तो लिहिला. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. अखेर १९७० साली तो छापून आला, आणि २००१ साली अकरलॉफ यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले त्यात या लेखाचा मोठा वाटा होता. तिकडे खराब निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणजे लिंबू म्हणतात. त्यांचे म्हणणे आपल्या भाषेत असे मांडता येईल. समजा, बाजारात दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्या आहेत. चांगलीची खरी किंमत ३ लाख, खराबची दीड लाख. विकणाऱ्याला आपली गाडी कोणती ते ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधली किंमत बोलतो, सव्वादोन लाख. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, एवढ्याला मी का देऊ? तो गाडी घरी घेऊन जातो. खराब गाडीवाला मात्र आनंदाने देतो. असे होता होता बाजारात चांगली गाडी उरतच नाही, आणि लोक म्हणतात, जुन्या गाडीच्या नादी लागू नये.

या लेखात आपल्या देशाचीही उदाहरणे आहेत. लेखक १९६७-६८ साली दिल्लीत राहून गेले होते. बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे खडे गृहिणीला निवडावे लागतात, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. कर्ज आणि भांडवल हे जातीजमातीच्या ओळखीतच का फिरते याचीही चर्चा त्यात आहे. आणि एक मुद्दा तर आम्हाला फारच जवळचा वाटला. माणसाच्या अंगचा गुण बाहेरून दिसत नाही, तेव्हा नोकरी देणारा त्याच्या वंशावरून अंदाज बांधतो, आणि लायक माणसाचे दार बंद होते. आमच्या जागामालकाने दुसरे काय केले? इंजिन न उघडता नुसत्या नंबरप्लेटवरून गाडी नापास केली!

तेव्हा आम्ही तिघांनी बसून विचार केला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची पेढी आहे, त्यांना नाव सांगितले की उधार मिळते आणि गिऱ्हाईकही मिळते. आमच्यामागे तशी पुंजी नाही. मग आमची पत कशावर उभी राहणार? उत्तर एकच होते. गाडीच्या पोटात काय आहे ते आपणच गिऱ्हाइकाला उघडून दाखवायचे, आणि जे दाखवले ते कागदावर लिहून सही करून द्यायचे. खडे आपणच निवडून ताटात वेगळे ठेवायचे.

आमच्या आवारात गाडी आली की मेहुणे काय बघतात, ते येथे सांगतो. यातले निम्मे कोणत्याही आईबहिणीला बघता येईल, त्याला मेकॅनिक लागत नाही.

पहिले, टायर. प्रत्येक टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी २०१९ ची, मीटरवर १८ हजार किलोमीटर, आणि चारही टायर २०२३ चे, असे दिसले की विचारावे, एवढ्या कमी चाललेल्या गाडीचे टायर बदलले कसे? मीटर पाडता येतो. पण ब्रेक आणि क्लच यांच्या पायपट्ट्यांची झीज, स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा आणि ड्रायव्हरच्या सीटची बसलेली गादी यांना खोटे बोलता येत नाही.

दुसरे, रंग. सकाळच्या उजेडात गाडीच्या कडेने तिरकी नजर टाकावी. एका दाराचा रंग दुसऱ्याहून किंचित वेगळा असेल, दाराच्या रबराखाली रंगाचे शिंतोडे असतील, बोनेटच्या बोल्टवर पान्याच्या खुणा असतील, तर तेथे काम झालेले आहे. काम झाले म्हणजे गाडी वाईट असे नाही. दार घासले होते की पिलर वाकला होता, हा फरक महत्त्वाचा.

तिसरे, पाणी. आपल्या भागात हे सर्वांत आधी बघावे. २००५ चा २६ जुलै कोणी विसरलेले नाही. २०१८ च्या जुलैमध्येही नवघर, दिवाणमान, एव्हरशाईन आणि नालासोपाऱ्याचा सखल भाग पाण्यात होता, रूळ बुडाले, गाड्या बंद पडल्या. सोसायट्यांच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारींच्या सीटपर्यंत पाणी चढले. त्यानंतर दिवाळीच्या आसपास एक पार्टी चकचकीत गाडी घेऊन आमच्याकडे आली. भाव फारच कमी. मेहुण्यांनी सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढला. टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ होती. मग पायाखालचा गालिचा उचलला, सीटच्या रुळांना गंज चढलेला. आम्ही गाडी घेतली नाही. पंधरा दिवसांनी तीच गाडी दुसऱ्या एका आवारात 'सिंगल ओनर, शोरूम कंडिशन' अशी पाटी लावून उभी होती. पाण्यातून निघालेली गाडी आज चालते, पण तिच्या तारा आतून कुजत असतात. ती कोठे बंद पडेल याचा नेम नसतो.

चौथे, समुद्राची हवा. अर्नाळा, राजोडी, भुईगाव या पट्ट्यात वर्षानुवर्षे उघड्यावर उभी राहिलेली गाडी खालून खाल्लेली असते. वरून बघून समजत नाही. गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा बघितलाच पाहिजे.

पाचवे, सी.एन.जी. वसई-विरारमध्ये बहुतेक गिऱ्हाइकांना सी.एन.जी. हवी असते. तेव्हा टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे काय, आणि बाहेरून बसवलेल्या किटची नोंद आर.सी. बुकावर आहे काय, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय बयाणा देऊ नये. नोंद नसेल तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी बोट दाखवायला मोकळी.

आमच्या धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एक ताई आल्या. सरकारी रुग्णालयात परिचारिका. वडिलांना उपचारासाठी वारंवार मुंबईला न्यावे लागे. त्यांना आवारातली एक वॅगन आर आवडली. गाडी चालायला उत्तम, पण पुढचा एक पिलर कधीतरी दुरुस्त केलेला. रंगाचे काम इतके सफाईदार की त्यांना जन्मात कळले नसते. दुकानाचे भाडे तोंडावर आलेले, त्या महिन्यात एकही गाडी गेलेली नव्हती. मेहुण्यांनी त्यांना बोनेट उघडून ती जागा बोटाने दाखवली. आम्ही विक्रीच्या कागदावर 'पुढील उजवा पिलर दुरुस्त' असे लिहिले आणि २२ हजार रुपये कमी केले. नफा जवळजवळ राहिला नाही. ताईंनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "दादा, हे लिहून देणारे तुम्ही पहिलेच." पुढे त्यांच्याच वॉर्डातून आमच्याकडे चार गिऱ्हाइके आली. सगळ्यांनी आल्या आल्या तसाच कागद मागितला.

आता कागदांविषयी, कारण गाडी बिघडली तर हजारांचा खर्च येतो, कागद बिघडला तर संसार धोक्यात येतो. आपल्याकडे जुनी गाडी विकताना काय करतात? फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून देतात, पैसे मोजून घेतात आणि हात झटकतात. घेणारा म्हणतो, नाव नंतर करून घेईन. ते 'नंतर' कधी येत नाही. गाडी पुढे तिसऱ्याला जाते, चौथ्याला जाते. पुस्तकावर नाव मात्र पहिल्याचेच राहते.

यात काय धोका आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीत नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले. गाडी अशीच हातोहात गेलेली होती, आणि मग अपघात झाला. भरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने सांगितले की मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, आणि जबाबदारीही त्याचीच. गाडी विकून टाकली होती, हे म्हणणे चालले नाही. विचार करा, आपल्यासारख्या माणसाने दहा वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीखाली आज कोणी सापडले, आणि लाखोंच्या भरपाईचा कागद आपल्या दारी आला तर काय होईल?

म्हणून कायदा काय सांगतो ते पाठ करून ठेवावे. कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपले नाव लावण्यासाठी अर्ज करायचा. विमा नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठीही १४ दिवसांत कळवायचे. जुन्या मालकाची 'नो क्लेम बोनस'ची सवलत माणसाची असते, गाडीची नसते, ती घेणाऱ्याला मिळत नाही. गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्याचा ना हरकत दाखला लागतो. येथे आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. एका गाडीचे सर्व हप्ते मालकाने फेडले होते, पावत्या होत्या, पण वित्त कंपनीने दाखला द्यायला सात महिने लावले. तेवढे दिवस आमचे पैसे आवारात ऊन खात उभे राहिले. तेव्हापासून पुस्तकावरचा बोजा उतरल्याशिवाय आम्ही पूर्ण रक्कम मोजत नाही.

पूर्वी वसईच्या गाड्यांची कामे ठाण्याला, एमएच ०४ कडे होत. आता आपले स्वतःचे एमएच ४८ कार्यालय आहे, आणि बरीचशी माहिती परिवहन खात्याच्या 'वाहन' प्रणालीवर मोबाईलवरही दिसते. गाडीचा बोजा, विमा, पी.यू.सी. ही माहिती बयाणा देण्यापूर्वी तपासावी, आणि वाहतूक पोलिसांची न भरलेली ई-चलने किती तेही बघावे. पंधरा वर्षांची होत आलेली गाडी स्वस्त मिळते म्हणून भुलू नये. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, शिवाय पर्यावरण कर आणि तपासणीत पास होण्यासाठीची दुरुस्ती वेगळी. हे सारे मिळवून मग किंमत ठरवावी.

आमच्यासारख्या विक्रेत्यांसाठीही केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम काढले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन कार्यालयाकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचे. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तशी खबर ऑनलाइन द्यायची, आणि त्यानंतर गाडी विकली जाईपर्यंत तो विक्रेता मालक मानला जातो. आवारातली गाडी त्याने चाचणी, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी एवढ्याचसाठी रस्त्यावर काढायची आणि त्याची नोंद ठेवायची. बरोबरीच्या काही धंदेवाल्यांनी नाके मुरडली. आम्हाला मात्र बरे वाटले. ज्याच्यामागे पेढीचे नाव नाही, त्याच्या पाठीशी कायद्याचा कागद उभा राहिला तर तो त्याला हवाच असतो.

आता जरा अवघड विषय. बाहेरच्या गिऱ्हाइकाला नियम सांगणे सोपे, आपल्या माणसाला सांगणे कठीण. आमच्याबरोबर वर्षानुवर्षे सभा-मोर्चांत वावरलेले, जयंतीच्या वर्गणीसाठी एकत्र दारोदार फिरलेले एक सहकारी आमच्याकडे गाडी घ्यायला आले. निम्मे पैसे आता, निम्मे जमतील तसे, आणि नावही मग करू, असे त्यांचे म्हणणे. आम्ही नम्रपणे सांगितले की उरलेल्या रकमेसाठी पतपेढीचे कर्ज काढायला आम्ही स्वतः तुमच्याबरोबर येतो, पण नाव झाल्याशिवाय चावी देता येणार नाही. ते म्हणाले, "आपल्याच माणसाला कागद दाखवता? पैसा आला की माणूस बदलतो." ही गोष्ट दोन-तीन बैठकांत बोलली गेली. पत्नीला बाजारात बायकांनी टोमणे मारले. त्या सहकाऱ्यांनी दुसरीकडून गाडी घेतली. आजही भेटले की जयभीम होतो, पण पूर्वीसारखे बसून बोलणे होत नाही.

याचे दुःख आम्हाला आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. आपल्या माणसाला कागदातून सूट देणे म्हणजे त्याच्यावर उपकार करणे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात सूट घेणाऱ्याच्या हाती पुरावा नसतो, आणि देणाऱ्याच्या मानेवर जबाबदारी राहते. दोघांचे भांडण झाले की तोंडचे शब्द वाऱ्यावर जातात. आपल्या आजोबांनी कोऱ्या कागदावर अंगठे उठवले, आणि त्या कोऱ्या कागदांनी त्यांची काय दशा केली हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यांच्या नातवंडांनी फॉर्म ३० वर कोरी सही का करावी? आपलेपणा असेल तर कागद पूर्ण करून देण्यातच तो दिसला पाहिजे.

उधारीचेही तसेच. आवारातली एक गाडी म्हणजे आमच्या तीन कुटुंबांची बचत. ती उधारीत अडकली तर पुढची गाडी घेता येत नाही, आणि धंदा दोन महिन्यांत बसतो. म्हणून आम्ही दुसरा मार्ग काढला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, कोणाचीही गाडी, कोठूनही घेत असेना, मेहुणे फुकट तपासून देतात आणि आम्ही तिचे कागद बघून देतो. आमच्याकडूनच घ्या असे म्हणत नाही. समाजकार्य आणि धंदा यांची सरमिसळ न करता दोन्ही करायचे असतील, तर आम्हाला तरी एवढाच रस्ता सापडला.

हिशेबाचे बोलल्याशिवाय आमच्यातला बी.कॉम. गप्प बसणार नाही. समजा, गाडी २ लाखांना घेतली, दुरुस्तीला १८ हजार गेले, आणि २ लाख ४० हजारांना विकली. लोक म्हणतात, ४० हजार सुटले! जुन्या गाड्यांवरचा जी.एस.टी. खरेदी आणि विक्री यांच्या फरकावर लागतो. जानेवारी २०२५ पासून तो सर्व जुन्या गाड्यांना सरसकट १८ टक्के झाला, त्याआधी लहान गाड्यांना १२ टक्के होता. म्हणजे नोंदणीकृत विक्रेत्याने ४० हजारांवर ७,२०० रुपये कर भरायचा. दुरुस्ती आणि कर वजा जाता राहिले १४,८००. त्यातून जागेचे भाडे, वीज, गाडी आणून देणाऱ्याचे कमिशन, परिवहन कार्यालयाच्या फेऱ्या. महिन्याला तीन गाड्या गेल्या तर बरे चालते, एक गेली तर आमच्या पगारातून भाडे भरावे लागते. म्हणूनच आम्ही नोकरी सोडलेली नाही, आणि कोणालाही एकदम सोडण्याचा सल्ला देणार नाही.

त्यात बाजार आपल्या हातात नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान मोटारींवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा उपकरही गेला. नव्या गाडीची किंमत उतरल्यावर जुनीला जुना भाव कोण देईल? आमच्या आवारात तेव्हा ऑगस्टमध्ये घेतलेल्या चार गाड्या होत्या. दोन खरेदीच्या भावाला गेल्या, एक तोट्यात गेली. घेणाऱ्या गरीब कुटुंबांचा त्यात फायदाच झाला, आणि तो व्हायला हवाच होता. पण धंदा करणाऱ्याने एवढा धक्का सोसण्याइतकी रक्कम बाजूला ठेवलेली असावी. आमच्याकडे ती होती, कारण पत्नीने दर विक्रीमागे दोन हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकण्याचा नियम पहिल्या दिवसापासून मोडू दिला नव्हता.

आज मोठमोठ्या कंपन्या या धंद्यात आहेत. मारुतीचे ट्रू व्हॅल्यू २००१ पासून आहे, पुढे मोबाईलवरून गाड्या विकणाऱ्या कंपन्याही आल्या. त्यांच्यापुढे पत्र्याच्या शेडचा निभाव कसा लागणार, असे तरुण आम्हाला विचारतात. आमचा अनुभव असा की त्यांना प्रामुख्याने नव्यासारख्या गाड्या हव्या असतात. दहा-बारा वर्षांची, दीड-दोन लाखांची, पण अजून पाच वर्षे इमानाने चालेल अशी गाडी निवडून देणारा माणूस मोहल्ल्यातच लागतो. गिऱ्हाइकाला रात्री नऊ वाजता फोन करता येईल, ज्याचे घर त्याला माहीत असेल, असा माणूस लागतो. लहान धंद्याची ताकद यातच आहे. मात्र घर माहीत असणे हे दुधारी आहे. एक गाडी खोटी दिली की त्याच रस्त्याने तोंड लपवून जावे लागते.

म्हणून या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे एवढेच. आधी दोन वर्षे गॅरेजात काम करा आणि एक वर्ष कागदांची कामे शिका. एका गाडीने सुरुवात करा. घरातल्या स्त्रीच्या हाती तिजोरी द्या. अधिकृत प्रमाणपत्र घ्या. गाडीचा दोष स्वतःच्या अक्षरात लिहून द्या. आणि घेणाऱ्या कुटुंबांना आमची विनंती अशी की, गाडी बघायला जाताना रंग बघायला नातेवाईक नेता, तसा कागद वाचायला घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी न्या. आपण त्यांना शिकवले ते अशाच कामासाठी.

परवाच आमच्या भाचीने, म्हणजे मेहुण्यांच्या मुलीने, पहिला विक्रीचा कागद स्वतः तयार केला. बारावीला आहे. दोषांच्या रकान्यात तिने 'डिकीचे कुलूप जोरात लावावे लागते' हेही लिहिले. मेहुणे हसले, म्हणाले, एवढे बारीक कशाला? ती म्हणाली, "बाबा, त्यांना उद्या कळणारच आहे, मग आजच आपल्याकडून कळू दे ना." गिऱ्हाइकाने सही केली, गाडी नेली. कागदाची आमच्याकडची प्रत तिने फायलीत लावली आणि पुढच्या गाडीचे सीटबेल्ट ओढून बघायला गेली.